मिस, तो शब्द ‘डिव्हेलप’ आहे

प्रिय ताई,

मी २४ वर्षांची. घणसोलीला माथाडी वसाहतीत राहते, पप्पा वाशी मार्केटला कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर कामाला आहेत. गाव पाटण तालुक्यात. शाळा मराठी माध्यमाची, बीए इंग्रजी घेऊन केलं आणि आता ठाण्याला बीएडच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या पद्धती (म्हणजे शिकवायचे विषय) इंग्रजी आणि इतिहास. आंतरवासितेला, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाला, वागळे इस्टेट भागातली एक शाळा मिळाली, वर्ग आठवी ब. आठ आठवडे झाले.

दुसऱ्याच आठवड्यात पाठ चालू असताना मी ‘डेव्हलप’ म्हटलं आणि तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘मिस, तो शब्द डिव्हेलप आहे.’ वर्ग हसला. मागे मार्गदर्शक मॅडम बसल्या होत्या. मी ‘दोन्ही चालतं’ म्हणून पुढे गेले. रात्री डिक्शनरी बघितली. दोन्ही चालत नाही. तेव्हापासून आदल्या रात्री पाठातला एकेक शब्द तपासते, तरी वर्गात शिरताना पोटात गोळा येतो.

आता कॉलेजला चिंतन नोंदवही द्यायची आहे आणि शेवटी ‘प्रशिक्षणकाळातील माझा विकास’ असा निबंध. सगळ्यांनी लिहिलंय, आत्मविश्वास वाढला, सभाधीटपणा आला, संयम आला. मीही तेच लिहिलं. मॅडमनी खाली ‘छान’ असा शेरा दिला. पण मला ते खरं वाटत नाही. लहान भाऊ म्हणतो, तू हल्ली घरीपण मिससारखी बोलतेस. परवा पप्पांनी बँकेचं इंग्रजी पत्र वाचायला दिलं. मी अर्थ सांगितला. नंतर ते शेजारच्या काकांना कौतुकाने सांगत होते आणि मला लाज वाटत होती. माझ्यात खरंच काही बदललंय, की मी फक्त सोंग आणायला शिकले? इंग्रजी सोडून इतिहासच शिकवावा का?

– एक छात्राध्यापिका, घणसोली

ता. क. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने गेल्या आठवड्यात विचारलं, ‘डोन्ट यू हॅव अ पेन?’ असं कोणी म्हणालं आणि आपल्याकडे पेन नसेल, तर यस म्हणायचं की नो? मला नीट सांगता येईना. उद्या सांगते म्हटलं. रात्री पप्पा कामावरून आले, मी विचारलं, ‘अजून जेवला नाहीत?’ ते म्हणाले, ‘हो, नाही अजून.’ तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या दिवशी वर्गात तेच उदाहरण दिलं. पण शिक्षिकेचं असं अडणं बरोबर नाही ना?

*

प्रिय घणसोलीकर,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा पत्र म्हणून, दुसऱ्यांदा हातात लाल पेन असल्यासारखं. ३१ वर्षं ठाण्यात इंग्रजी शिकवल्यावर ही खोड जात नाही. दुसऱ्या वेळी लक्षात आलं की तुझ्या प्रश्नाचं उत्तर तूच लिहून पाठवलंयस. फक्त ते ताजा कलमात टाकलंयस, आणि तेही गुन्हा कबूल केल्यासारखं.

दोन प्रसंग शेजारी ठेव. दुसऱ्या आठवड्यात एका मुलाने तुझी चूक दाखवली, तू म्हणालीस, ‘दोन्ही चालतं.’ सातव्या आठवड्यात एका मुलीने अडचणीचा प्रश्न विचारला, तू म्हणालीस, ‘उद्या सांगते.’ आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच सांगितलंस. मधल्या काळात तुझं इंग्रजी फार सुधारलं असेल असं मला वाटत नाही. पाच आठवड्यांत कोणाचंच सुधारत नाही. बदललंय ते हे: पहिल्या वेळी तू स्वतःला वाचवत होतीस, दुसऱ्या वेळी तुझ्या डोक्यात ती मुलगी होती. इतकी, की घरी बापाला जेवायचं विचारतानाही तिचा प्रश्न मागे कुठेतरी चालूच होता. तो चालू नसता तर पप्पांचं ‘हो, नाही अजून’ तू ऐकलंच नसतंस. जन्मापासून ऐकतेयस ना ते? त्याच रात्री का ऐकू आलं?

हा प्रश्न किती चांगला आहे हे तुला कळलंय की नाही कोण जाणे, म्हणून जरा थांबते. आपण मराठीत ‘पेन नाही आणलंस?’ला ‘हो, नाही आणलं’ म्हणतो, कारण आपला होकार समोरच्याच्या बोलण्याला असतो: तू म्हणतोस ते बरोबर आहे. इंग्रजीत यस आणि नो समोरच्याकडे बघतच नाहीत, ते वस्तुस्थितीकडे बघतात. पेन आहे तर यस, नाही तर नो, मग प्रश्न उलटा विचारा की सुलटा. हे मोठमोठ्या हुद्द्यावरच्या आपल्या लोकांना आयुष्यभर जमत नाही. परदेशातल्या माणसाशी फोनवर बोलताना ‘यू हॅव नॉट सेंट द फाइल?’ला ‘यस, यस’ म्हणून बसतात आणि तो फाइल आली असं समजून फोन ठेवतो. वागळे इस्टेटच्या तुझ्या वर्गात निम्म्या घरांत हिंदी किंवा भोजपुरी बोलत असतील, तर गंमत अशी की हिंदीतही ‘नहीं लाए?’ला ‘हाँ, नहीं लाया’च म्हणतात. म्हणजे तुझ्या पप्पांचं उदाहरण त्या मुलांनाही थेट लागू पडलं असणार. ते तू कुठल्या पुस्तकातून आणलेलं नव्हतं. जी बाई लहानपणापासून इंग्रजीतच वाढली तिला ही अडचण दिसतच नाही, तिच्या दृष्टीने यस म्हणजे यस. तुला दिसली, कारण तू स्वतः त्या उंबऱ्याला अडखळून आत आलेली आहेस.

आता माझी एक गोष्ट सांगते, तिच्यात मी चांगली दिसत नाही.

माझं बीएड १९८६ साली झालं. तेव्हा ते एका वर्षाचं असायचं (तुमचं २०१५ पासून दोन वर्षांचं झालं, त्याबद्दल सहानुभूती). मराठी शाळांत तेव्हा इंग्रजी पाचवीपासून, आजच्यासारखं पहिलीपासून नाही. ते २००० सालापासून आलं. मीही मराठी माध्यमाचीच, कळव्याची. माझं इंग्रजी पाठांतरावर उभं होतं आणि ते कधी कोसळेल या भीतीत मी पहिली दोन वर्षं काढली. ती भीती झाकायला मी एक नियम काढला: इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द बोलला की २५ पैसे दंड. टेबलावर बोर्नव्हिटाचा रिकामा डबा. मुख्याध्यापक खूश, पालक खूश. वर्ष संपताना डब्यातल्या पैशांच्या पेपरमिंटच्या गोळ्या वाटायच्या, म्हणजे मीही उदार. वर्गात एक मुलगा होता, त्याने वर्षभरात एक पैसाही दंड भरला नाही. मी त्याच्या प्रगतिपुस्तकात ‘शांत व शिस्तप्रिय’ असं लिहिलं. जानेवारीत एकदा मधल्या सुट्टीत मैदानावरून जाताना एक पोरगा हातवारे करून आदल्या दिवशीच्या मॅचचं वर्णन करताना दिसला, भोवती दहा-बारा जण, सगळे गप्प, हा एकटा बोलतोय. मला चेहरा ओळखायला वेळ लागला. माझाच शांत व शिस्तप्रिय. जूनपासून तो माझ्या तासाला तोंड उघडत नव्हता, कारण घरून रोज २५ पैसे मिळत नव्हते.

डबा मी दुसऱ्या दिवशी काढला असं सांगायला आवडलं असतं. तसं झालं नाही. तो वर्ष संपेपर्यंत तिथेच होता, कारण काढला तर का काढला हे सांगावं लागलं असतं. तू पाच आठवड्यांत ‘दोन्ही चालतं’पासून ‘उद्या सांगते’पर्यंत आलीस. मला तेवढं अंतर कापायला पाच-सहा वर्षं लागली. तेव्हा ‘माझ्यात काही बदललंय का’ असं मला विचारू नकोस, हेवा वाटतो.

सोंगाचं म्हणशील तर, सुरुवात सोंगानेच होते. साडी नेसून, खडू धरून, काल आपल्यालाच कळलेली गोष्ट कायमची येत असल्यासारखी सांगायची, याला दुसरं काय म्हणायचं? मुलंही काही कमी नाहीत, त्यांना ठाऊक असतं की या बीएडवाल्या मॅडम, चार दिवसांच्या पाहुण्या. पण आपल्याकडे म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, तसंच इंग्रजीचंही आहे. तिसऱ्या बाकावरून कोणीतरी ते उतरवतंच. एन. एस. प्रभूंचं नाव तुमच्या पद्धतीच्या पेपरला वाचलं असशील. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी दक्षिणेतल्या शाळांमध्ये, व्याकरण घोकून घेण्याऐवजी मुलांपुढे कामं ठेवून इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला होता. पुढे १९९० साली एका लेखात त्यांनी म्हटलं की सर्वोत्तम अशी एक पद्धत नसतेच. मूल कसं शिकतं याची शिक्षकाची स्वतःची एक समज असते, ती जिवंत आहे की नाही एवढाच मुद्दा. खरा शत्रू वाईट पद्धत नव्हे, तर यंत्रासारखं झालेलं शिकवणं. परीक्षेला तू हे लिहिशीलच. माझ्या मते ‘हो, नाही अजून’ ऐकून तू जेव्हा थबकलीस तेव्हा ती समज तुझ्यात जिवंत होती. तिथे सोंग नव्हतं. बघायला कोणी मार्गदर्शक मॅडम पण नव्हत्या.

आता कडू भाग.

एवढं सगळं खरं असलं तरी तुझं इंग्रजी सुधारायलाच हवं. ‘मराठी माध्यमाची आहे, समजून घ्या’ हे आठवी ब ला सांगता येत नाही. त्या मुलांना इंग्रजी ऐकायला मिळण्याची कदाचित तूच एक हक्काची जागा आहेस, बाकी मोबाइल. (तो मुलगा ‘डिव्हेलप’ कुठून शिकला असेल? माझी पैज मोबाइलवर.) पण एकेक शब्द तपासत रात्र काढणं हा मार्ग चुकीचा आहे, त्याने फक्त भीती वाढते. तुझी अडचण शब्दांची नाही, आघाताची आहे. मराठीत आपण शब्दाच्या एखाद्या अवयवावर (सिलॅबलवर) इंग्रजीइतका ठासून जोर देत नाही, सगळ्यांना साधारण सारखं वागवतो. इंग्रजीत एका अवयवावर जोर पडतो आणि बाकीचे अंग चोरून बसतात. डिक्शनरीत उच्चार दिलेला असतो तिथे वरच्या बाजूला एक छोटी उभी रेघ असते. तिच्या लगेच पुढच्या अवयवावर जोर. तुझ्या शब्दात ती ‘व्हे’च्या आधी आहे, म्हणून पहिला ‘डे’ आकसून ‘डि’ होतो. ‘हॉटेल’ आपण ‘हॉ’वर म्हणतो, जोर ‘टेल’वर आहे. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. एकदा ही रेघ बघायची सवय लागली की शब्द पाठ करावे लागत नाहीत, कान तयार होतो.

दुसरं, ‘व्ह’ आणि ‘व’. यात मला नेहमी मजा वाटते. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहायची वेळ आली तेव्हा मराठीने दोन्हींसाठी वेगळी अक्षरं काढली: व्हॅन, पण वॉटर. लेखणीने फरक केला, ओठ मात्र अजून दोन्हीकडे तोच ‘व’ काढतात. वरचे दात खालच्या ओठाला टेकले तर ‘व्हॅन’, ओठ शिट्टीसारखे गोल केले तर ‘वॉटर’. आरशासमोर दोन मिनिटं. आणि ‘झू’चा उच्चार तुला अवघड जाणार नाही, कारण आपल्याकडे ‘जवळ’मधला ज आहे, तो ‘जीवन’मधल्या ज पेक्षा वेगळा आहे आणि त्या ‘झू’च्या बराच जवळचा आहे. ही चैन हिंदी-भोजपुरीच्या बऱ्याच मुलांना नाही. तुझ्या वर्गातल्या मराठी मुलांकडून ती इतरांना शिकव, बघ कशी फुशारतात.

लहेजा बदलायच्या मागे मात्र लागू नकोस. ऐकणाऱ्याला दुसराच शब्द ऐकू आला, किंवा शब्दच कळला नाही, तर ती चूक. तुझ्या बोलण्यावरून तू पाटणची आहेस हे कळलं, तर ती चूक नाही. इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणायची आपल्याकडे जुनी रीत आहे. मला ती उपमा कधी पटली नाही. पिणारा वाघ ठरतो आणि न पिणारा आपोआप शेळी. शिवाय वाघीण कोणाच्या पोरांना दूध देते, हे कोणी विचारत नाही.

नोंदवहीचं. आधी व्यवहार: कॉलेजला हवा तो निबंध कॉलेजला दे. आत्मविश्वास, सभाधीटपणा, संयम, सगळं घाल, मार्क घे. त्यात अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. पण एक दुसरी वही कर, साधी, शंभर पानी, आणि ती कोणाला दाखवू नकोस. तीत ‘मला वाटलं’ लिहायचं नाही. मुलांनी काय म्हटलं ते लिहायचं, शब्दाला शब्द. तुमच्या पाठ टाचणात ‘विद्यार्थी कृती’चा रकाना असतो ना, ज्यात मुलं काय उत्तर देतील हे आपण आदल्या रात्री घरी बसून लिहितो? मला तो रकाना बीएडमधला सगळ्यात मोठा विनोद वाटतो. मुलं अजून फळ्यासमोर आलेली नाहीत आणि त्यांची उत्तरं आपल्याकडे तयार. तर पाठ झाल्यावर त्याच रकान्याशेजारी दुसऱ्या शाईने त्यांनी प्रत्यक्षात काय म्हटलं ते लिही. घरी जाताना लोकल घणसोलीला पोचेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं मिळतात, बसायला मिळालं तर तेवढ्यात होतं. नाही मिळालं तर दीघा, ऐरोली, रबाळे, प्रत्येक स्टेशनला एक वाक्य आठवायचं.

ती वाक्यं बहुतेक चुकीची असतील, तेच हवंय. ‘आय स्कूल गो.’ ‘बुक टेबल ऑन इज.’ ‘टू मी टू ब्रदर्स आर.’ लाल पेनाने बघितलं तर तिन्हींना भोपळा. पण नीट बघ, मुलाने काय केलंय? मराठीत क्रियापद शेवटी येतं, ते त्याने शेवटी ठेवलं. ‘टेबलावर’मधला ‘वर’ टेबलाच्या मागे येतो, म्हणून ऑन मागे गेला. ‘मला दोन भाऊ आहेत’ याचं त्याने इमानदारीत भाषांतर केलं. त्याला भाषेचे नियम येतात, फक्त ते एका भाषेचे आहेत आणि वाक्य दुसऱ्या भाषेचं. हे ज्या शिक्षिकेला दिसतं ती ‘चूक!’ म्हणून थांबत नाही, ती म्हणते, ‘मराठीत वर मागे येतो, इंग्रजीत तो पुढे चालतो.’ तेवढ्याने काम होतं. आणि आर्टिकल! मराठीत अ, अॅन, द नाहीतच, मूल ते कुठून आणणार? तू कुठून आणलेस, केव्हा आणलेस, हे आठव आणि वहीत लिही. मला स्वतःला ‘द’चा पक्का अंदाज बीएडनंतर कित्येक वर्षांनी आला, तोही वर्गाला समजावता समजावता.

महिन्याने त्या वहीची पहिली पानं काढून वाच. तुझं वाढणं त्यात तुला शोधावं लागणार नाही. सुरुवातीच्या पानांवर ‘वर्गाने उत्तर दिले’ असं असेल, पुढच्या पानांवर एकेक नाव येईल.

सूक्ष्म अध्यापनाचं ते ३६ मिनिटांचं चक्र तुम्ही पहिल्या वर्षी केलं असणार: ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं अभिप्राय, १२ मिनिटं पुन्हा नियोजन, ६ मिनिटं पुन्हा पाठ, ६ मिनिटं पुन्हा अभिप्राय. मैत्रिणींनाच विद्यार्थी करून, हसत-खिदळत. कधी बघितलंस का, त्यात सगळ्यात मोठा तुकडा कशाला आहे? बोलण्याला नाही. फसलेलं पुन्हा नीट मांडायला १२ मिनिटं, म्हणजे शिकवण्याच्या दुप्पट. कॉलेजात बहुतेक वेळा तीच आधी कापली जातात, कारण चाळीस मुलींचे पाठ संपवायचे असतात. तू ‘उद्या सांगते’ म्हणून स्वतःला ती परत मिळवून दिलीस, आणि १२ मिनिटांऐवजी एक अख्खी रात्र घेतलीस. तेव्हा शिक्षिकेचं अडणं बरोबर नाही ना, याला माझं उत्तर इंग्रजी पद्धतीने: यस. बरोबर आहे, काहीही गैर नाही. फक्त ‘उद्या’ म्हटलं की उद्याच सांगायचं, मुलं तारीख विसरत नाहीत.

इतिहासाचं थोडक्यात. इतिहास आवडत असेल तर जरूर शिकव. तो इंग्रजीपेक्षा सोपा आहे असं समजून जाऊ नकोस, तिथेही तिसरा बाक असतो. स्वतःला एवढंच विचार की सुट्टीच्या दिवशी, कोणी सांगितलेलं नसताना, तू यांतल्या कशाबद्दल डोकं खाजवत बसतेस. पत्रावरून तरी मला पेनच्या प्रश्नाचं दिसलं, शिवकालाचं नाही. टीईटी, टेट या शिक्षकांच्या परीक्षा, भरतीचं पवित्र पोर्टल वगैरे जे काही पुढे उभं आहे त्यातून जावं लागेलच, त्यात ‘उद्या सांगते’ला मार्क नाहीत. अभ्यास कर.

भावाला सांग, ‘मिससारखी’ बोलले की टोकत जा. फुकटचा निरीक्षक मिळालाय.

आणि पप्पा. बँकेचं पत्र वाचून दाखवताना तुला नेमकी कशाची लाज वाटली, हे तू लिहिलं नाहीस. त्यांना वाचता येत नाही याची, की तुला जेवढं येतं त्याहून जास्त त्यांनी शेजारी सांगितलं याची, की आणखी कशाची? मी तर्क करणार नाही. पण एक करता येईल. तुझ्या आठवी ब ला जे उदाहरण पटलं ते कोणाचं होतं, हे त्यांना माहीत आहे का? सांगितलं नसशील तर सांग. इंग्रजीच्या तासाला त्यांचं ‘हो, नाही अजून’ फळ्यावर लिहिलं गेलं, आणि तीस-चाळीस पोरांना त्यातून यस-नो कळलं. ते काय म्हणतात ते मला ऐकायला आवडेल. बहुतेक म्हणतील, ‘मग, जेवलो नव्हतो म्हणून बोललो.’

राहता राहिला तिसरा बाक. तिथलं खातं अजून उघडं आहे. वर्गात तू खोटं बोललीस, मुलगा खरा होता आणि त्याच्यावर वर्ग हसला की तुझ्यावर, हे त्याला आजही कळलं नसेल. सोमवारी गेल्या गेल्या फळ्यावर तो शब्द लिही, वर ती उभी रेघ काढ, आणि सांग की त्या दिवशी दोन्ही चालतं म्हटलं ते चूक होतं, याने सांगितलं ते बरोबर होतं. भाषण नको, दोन वाक्यं पुरेत. मग त्यालाच उभं करून विचार की जोर कुठे आहे, आणि वर्गाला असे आणखी पाच शब्द शोधायला लाव. मार्गदर्शक मॅडम मागे बसलेल्या असल्या तर असू देत.

तो गैरहजर असला तर मंगळवारी.

– ताई